खंडेनवमीचं पंक्चर

बीबी गावच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई, पंचफुला, तीन वर्षं आडवाटांनी सायकल दामटत होत्या. पण त्या सायकलीच्या पोटात काय असतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. चेन उतरो की हवा जावो, ती उत्तमरावाच्या सायकलदुकानाला टेकवली की झालं. "बाई, तुमच्या हाताले लेकरं, माह्या हाताले टायर," असं उत्तमराव हसून म्हणायचा. ज्याचं काम त्यानं करावं, हे ऐकायला मोठं शहाणपणाचं वाटतं. अडेपर्यंत वाटतं.

त्या साली खंडेनवमीला दुपारी रामराव धापा टाकत दवाखान्यात आला. तीन कोसांवरच्या त्याच्या मळ्यात सून सकाळपासून अडली होती; लेकराचा आधी पाय दिसत होता. बैल रानात, गाडी जुंपेपर्यंत दिवस मावळला असता. बाईंनी बाळंतपणाची पिशवी उचलली आणि बाहेर येऊन पाहतात तर सायकलीचं मागचं चाक बसलेलं.

ढकलत ढकलत दुकानाशी नेली. आत पाटावर पाने-पकडी, हातोडी, पंप मांडलेले, सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. एकदा हत्यारं पुजली की दसरा होईस्तोवर त्यांना कामाला लावायचं नाही, हा उत्तमरावाच्या घरचा नेम.

"आज हात लावत नाही, बाई. माह्या बापानं एकडाव लावला, त्याच साली गेला तो."

"मंग तुम्ही नुसतं सांगा. हात माहे."

त्याच्या बायकोनं, गीताबाईनं, चुलीजवळचे दोन चमचे आणून दिले. उत्तमराव हाताची घडी घालून तोंडानं सांगत राहिला. बाईंनी चमच्यांनी टायर उचकटलं, बाभळीचा काटा उपसला, ट्यूब ओढून घासली, सोल्युशन लावलं.

"आता सुकू द्या. घाई नोका करू."

समोर रामराव हात जोडून उभा. बाईंना धीर निघाला नाही. ओल्यावरच रबराचा तुकडा दाबला. पंपही त्यांनीच पूजेतून उचलला. हवा भरली, चाक उभं राहिलं आणि पाहता पाहता पुन्हा बसलं.

तेव्हा उत्तमराव उठला. पाटावरची टायर काढायची पट्टी घेतली, कुंकू धोतराला पुसलं आणि खाली बसला. एक विडी संपावी एवढ्या वेळात चाक दगडासारखं टणक. बाई पाहतच राहिल्या. एवढंच होतं! आणि तासभर गेला होता.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, बाई परतल्या तेव्हा गाव सोनं लुटायला निघालं होतं. उत्तमराव पायरीवर वाट पाहत होता.

"पोचल्या ना येळेवर?"

"बाळंतीण वाचली."

"अन् लेकरू?"

बाईंनी सायकल भिंतीला लावली. "पोरगी होती. मी पोचली तवा अंग गरमच होतं तिचं."

उत्तमरावानं उपरणं तोंडाला लावलं. "माह्या नेमानं मारलं तिले."

"तुमच्या नेमानं अन् माह्या अडाणीपणानं." बाई म्हणाल्या. तीन वर्षं त्या कात्री उकळत होत्या, नखं कापत होत्या, हात कोपरापर्यंत धूत होत्या. आणि ज्या चाकावर बसून जायचं, ते दुसऱ्याच्या भरवशावर! स्वतःची अशी चीड त्यांना कधी आली नव्हती.

त्या चाकाशी बसल्या. चांगली भरलेली हवा सोडून दिली, गीताबाईकडून चमचे मागून घेतले, टायर काढलं आणि उत्तमरावानं बसवलेला तुकडा ओरबाडून काढला.

"आता पयल्यापासून सांगा. हात नोका लावू."

उत्तमराव उपरण्यानं डोळे पुसत सांगू लागला. बाईंनी घासलं, सोल्युशन लावलं. मग तुकडा बोटांत धरून त्या थांबल्या. सोल्युशन सुकेपर्यंत थांबल्या, आणि थांबल्या तेवढा वेळ रडल्या.