पाटा माझा मोडला होता

त्या दिवशी वाऱ्याचं काही खरं नव्हतं. सकाळपासून धुळीचे लोट उठत होते, आभाळ मातकट झालं होतं आणि तरी ऊन असं पडत होतं की माझ्या टपावर वाळत घातलेल्या कुरडया दुपारच्या आत खडखडीत झाल्या. ढग आले होते, पण नुसते बघून जाणारे. अशा त्या दिवशी लालमहंमदनं माझं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ ते बाहेर काढलंच नाही. मग म्हणाला, "सहादू, ह्याच्यात जीव हाय अजून."

मी एक खटारा बोलतोय. गाडी म्हटलं की बाई, मोटार म्हटलं की बाई. पण राहात्याच्या अलीकडच्या या वस्तीवर आलो आणि सगळे मला खटारा म्हणायला लागले, तेव्हापासून मी पुरुष झालो. माझी तक्रार नाही. म्हातारपणी एवढा बदल सोसतो.

जन्म माझा विलायतेतला. काळा रंग, गोल दिवे, दारांना चकचकीत मुठी. बोटीनं आलो आणि नगरला एका डॉक्टरांकडे राहिलो. रोग्याकडे जाताना ते मला सावकाश चालवायचे आणि जेवायला घरी येताना जोरात. पुढं एका ठेकेदारानं मला घेतलं. त्यानं माझ्यात माणसं कमी आणि सिमेंटची पोती जास्त बसवली. शेवटी या वस्तीपाशीच माझा मागचा उजवा पाटा मोडला.

पाटा म्हणजे कमानपाटा. चाकाच्या वर पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या असतात, खड्ड्याचा दणका त्या खातात. बोलताना सगळे नुसतं पाटा म्हणतात. पुढचा सगळा घोटाळा त्यावरूनच झाला.

ठेकेदार "उद्या माणूस घेऊन येतो" म्हणून गेला. तो अजून यायचा आहे.

मग सहादेवाच्या अंगणाच्या कडेला, लिंबाखाली, उजव्या कुशीवर कलून मी पडून राहिलो. उंदरांनी वायरी कुरतडल्या. शेजारच्या मालनबाईच्या कोंबडीला माझी मागची गादी आवडली. ती रोज यायची, अंडं द्यायची आणि गावभर सांगत सुटायची. मला बरं वाटायचं. कोणाच्या तरी उपयोगी पडत होतो.

सहादेव शेतकरी गडी, अबोल. लालमहंमद त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. आधी टांगा हाकायचा, मग विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायला लागला. पण त्या साली विहिरींनी तळ दाखवला होता. पाणी नाही तर इंजिन कशाला चालवायचं. लालमहंमदचे हात शिवशिवत होते.

सहादेवाच्या मनात मात्र दुसरंच होतं. त्याची आई साळूबाई पडली, तेव्हापासून तिचं खुब्याचं हाड नीट नव्हतं. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती आणि बैलगाडीचे हादरे सोसवत नव्हते. तिची एकुलती एक बहीण बनुबाई संगमनेरात. दोघी थकलेल्या. एकदा तरी त्यांची भेट व्हावी, एवढंच त्याला वाटत होतं.

अडचण अशी, की दोघी बोलत नव्हत्या. त्यांची आई गेली तेव्हा या बहिणींनी ना जमीन मागितली, ना सोन्याचा डाग. दोघींनी आईचा वाटणाचा पाटा मागितला. काळा दगड, मधे वापरून वापरून खोलगट झालेला. तो बनुबाईनं नेला आणि साळूबाईनं बोलणं टाकलं.

"आई, गाडी झाली तर मावशीकडं जाऊ," सहादेव म्हणाला.

"तिनं बोलिवलं तर जाईन. ती काय बोलवत न्हाई, आन् तुजी गाडी काय चालत न्हाई. बस निवांत."

लालमहंमदनं मला विहिरीवरचं इंजिन समजूनच हात घातला. माझ्या पोटात सगळं गंजून घट्ट बसलं होतं. त्यानं कुरतडलेल्या वायरी जोडल्या, प्लग काढले, रॉकेल आणि तेल ओतलं आणि म्हणाला, "आता मुरू दे." लोणचं घालावं तसं. रोज येऊन माझ्याशेजारी बसायचा, बिडी ओढायचा, हँडल थोडं हलवून बघायचा आणि निघून जायचा. मला हा माणूस आवडला. घाई करणाऱ्यांनी मला फार लाथा घातल्या आहेत.

मालनबाई कुंपणावरून बघायची. "लालमहंमदभाऊ, माज्या कोंबडीचं बाळंतपण कुटं करायचं मग?"

"तिलाबी नेऊ संगमनेरला."

"न्या. वाटंत धक्का द्यायला कुनी तरी पायजेच तुमाला."

एके सकाळी हँडल फिरलं. मी शिंकलो, नळकांड्यातून उंदराचं घरटं बाहेर फेकलं आणि सुरू झालो. इतक्या वर्षांनी माझाच आवाज ऐकून मी दचकलो. कोंबडी खिडकीतून उडाली ती थेट छपरावर. साळूबाई बाजेवरून म्हणाली, "ते बंद करा, दूध नासंल." पण तिनं मान वळवून पाहिलं होतं.

राहिला पाटा. संगमनेरात मावशीचा मुलगा गोरक्ष ट्रकच्या गॅरेजात कामाला होता. सहादेवानं दुधाच्या गाडीवर जाणाऱ्या कारभारीकडे निरोप दिला. "गोरक्षला सांग, आमचा पाटा मोडलाय, जुना असंल तर धाड."

कारभारी दुसऱ्या दिवशी परत आला आणि त्याच्यासोबत दोघा जणांनी गाडीतून काहीतरी जड उतरवलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं होतं. लालमहंमदनं गाठ सोडली. आत काळा दगड, मधे खोलगट. वर वरवंटा.

"ह्यो काय पाटा हाय व्हय?" लालमहंमद म्हणाला.

"मग काय हाय?" कारभारी घाम पुसत म्हणाला. "गोरक्ष नव्हता घरी. मी म्हातारीला सांगितलं, सहादेवाच्या घरचा पाटा मोडलाय. ती म्हनली, साळू चटनी कशावर वाटती मग? आन् म्हनली, आईचाच ने. मोडायचा न्हाई ह्यो."

कोणी हसलं नाही. सहादेवानं हळूच बाजेकडे पाहिलं. साळूबाईनं पदर डोळ्यांपर्यंत नेला आणि मग त्यानंच नाक पुसलं, म्हणजे कोणाला कळू नये.

"लाल्या," ती म्हणाली, "तुजं ते यंत्र उद्या चालंल का?"

"पाटा न्हाई मावशी. म्हंजे, दुसरा."

"मग कर कायतरी. दगूड माजा न्हाई. माजा पाटा धडधाकट हाय चुलीपाशी. खोटं बोलून बहिणीची वस्तू कशी ठिवू? माजी मी नेऊन देनार."

लालमहंमद घरी गेला आणि स्वतःच्या टांग्याचा कमानपाटा काढून घेऊन आला. घोडा कधीच गेला होता, टांगा नुसता उभा होता, पण तो काढताना त्यानं त्यावरून एकदा हात फिरवला असणार, कारण पाटा पुसून लख्ख केलेला होता. टांग्याचा पाटा मऊ. तो बसवला तरी मी उजवीकडे झुकायचा राहीना. तेव्हा लालमहंमदनं आईचा दगड उचलवून माझ्या मागच्या गादीपाशी, डाव्या अंगाला ठेवला. मी सरळ झालो. पाटा मोडल्यापासून पहिल्यांदा मला लिंबाचं झाड उभं दिसलं.

सकाळी निघालो. साळूबाई उजवीकडे, पाटा डावीकडे, सहादेव पुढं आणि चक्र लालमहंमदच्या हातात. तो टांगेवाला, त्यामुळं वळणावर तोंडानं "हो हो हो" म्हणायचा. मीही तसा वळायचो.

लोणीच्या पुढं एका ओढ्याच्या चढावर माझ्या नाकातोंडातून वाफ आली आणि मी थांबलो. मागं सरकायला लागलो तसा सहादेवानं उडी मारून चाकामागं वरवंटा घातला. पाणी कुठं मिळणार? सगळीकडे ठणठणाट. साळूबाईनं आपला पिण्याचा तांब्या पुढं केला. "पाज त्याला. मी बहिणीकडं पीन."

रस्त्यावर दुष्काळी कामाच्या बाया खडी फोडत होत्या. त्या आल्या धक्का द्यायला. एकीनं आत डोकावून विचारलं, "म्हातारे, दगूड कशाला न्हेती? आमी इतं दिसभर तेच फोडतोय."

"ह्यो फोडायचा न्हाई बाई. ह्यो भांडायचा हाय."

बाया हसत हसत धक्का देत राहिल्या आणि मी चढ चढलो. इतके हात एकदम मला कधी लागले नव्हते.

बनुबाई दारातच बसली होती. तिला नीट दिसत नव्हतं, पण माझा आवाज कोणालाही ऐकू येतो.

"कोन हाय?"

"मी साळू. तुजा पाटा आनलाय."

"आगं, तुजा मोडलाय ना? म्हनून तर धाडला."

साळूबाईनं माझ्या पत्र्यावर थाप मारली. "माजा न्हाई मोडला. ह्याचा मोडला."

बनुबाईला उमगायला जरा वेळ लागला. मग ती असं हसायला लागली की तिला धरावं लागलं, आणि धरायला साळूबाईच होती. साळूबाईनं आधी पाणी मागितलं. ते पिऊन झालं, मग दोघी रडल्या.

तिसऱ्या दिवशी परतायची वेळ आली. गोरक्ष पाटा उतरवायला गेला, तर लालमहंमद आडवा आला. "त्यो काढला तर गाडी उलटल. माझा टांग्याचा पाटा एकटा ह्या खटाऱ्याला पेलत न्हाई."

ज्याच्यासाठी इतकी वर्षं अबोला धरला, तो आता दोघींपैकी कोणाचाच नव्हता. तो माझा होता.

"राहू दे," बनुबाई म्हणाली. "वाटन करायला मला दगडाकडं यावं लागंल, एवढंच."

तेव्हापासून असं चाललंय. कधी साळूबाई दगड घेऊन संगमनेरला, कधी बनुबाई दगडाबरोबर वस्तीवर. उभा असलो की दोघी माझं मागचं दार उघडतात, मागच्या बाजूला ओणव्या होतात आणि ठेचा वाटतात. माझ्या गादीला आता लसणाचा वास आहे. इंजिन खोकतं, चढ आला की धाप लागते. फार दिवस निभेल असं नाही. माझं मागणं लहान आहे. चढावर दिसलो तर धक्का द्या, आणि आत कोण आहे ते विचारत बसू नका.

परवा संगमनेरहून परतलो. लालमहंमदनं मला लिंबाखाली लावलं, वरवंटा चाकामागं घातला आणि सगळे घरात गेले. माझ्याशी आजवर कोणी बोललेलं नव्हतं, सगळे माझ्याबद्दलच बोलायचे. मालनबाई कोंबडी काखेत धरून आली, मागची खिडकी खाली केली, कोंबडी आत सोडली आणि माझ्या टपावर हात ठेवून म्हणाली, "आलास का रं बाबा? दोन दिस अंडं आडवून बसलीया तुज्यापायी. जाताना सांगून जात जा."