मी कीटण नाही

मित्रांनो, मी एक म्हातारी गोगलगाय आहे. वय जेमतेम वर्षभर, पण आमच्या कुळात आयुष्य एवढंच असतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मला बघून कोणी गोगलगाय म्हणत नाही. पाठीवर वळणदार शंख नाही, तिळाएवढी टोपी आहे, तीही मळकट. 'गोगलगाय आणि पोटात पाय' असं लोक म्हणतात. पाय माझ्याही पोटातच आहे, पण म्हणीतला कावा मला कधी जमला नाही.

एका पाणवनस्पतीला चिकटून मी दातांच्या दवाखान्यात आले. बाहेरच्या खोलीत माशांची काचेची पेटी आहे. तिच्या काचेवरचं शेवाळ मी आणि माझं गणगोत खातो. काच लख्ख दिसली की खुर्चीत ताटकळणारे म्हणतात, "मासे किती छान ठेवलेत." राबायचं आम्ही आणि कौतुक माशांचं. फार चीड येते.

डॉक्टरबाईंना तर सगळीकडे दातांवरचं कीटणच दिसतं. एका सकाळी त्यांनी दात साफ करायचं आकड्यासारखं हत्यार घेतलं आणि माझ्या दोन बहिणी काचेवरून खरवडून काढल्या. तिसरा नंबर माझा होता. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, कीटण चालतं का हो? हे कालपासून चांगलं बोटभर सरकलंय."

डॉक्टरबाईंनी भिंगाचा चष्मा लावला. "अगंबाई, याला डोळे आहेत." त्या ओशाळल्या. लगेच त्यांनी बाहेरून काचेवर मार्करने माझ्याभोवती गोल काढला. "मावशी, गोलातलं पुसायचं नाही हं. बाकी काच चकचकीत करा."

हसावं की रडावं तेच मला कळेना. मी चालते हे कळलं, आणि वर गोल काढला. त्यातलं शेवाळ दोन दिवसांत संपलं. पोटासाठी बाहेर पडले आणि गोलापासून चार बोटांवर अंडी घातली. अंड्यांची इवलीशी पारदर्शक पिशवी काचेला घट्ट चिकटली आहे.

आज सफाईचा वार. मावशी स्पंज घेऊन आल्या आहेत. रिकामा गोल त्या इतका जपतात की त्याच्या कडेलाही स्पंज लागू देत नाहीत. मी वेळीच निघाले असते तर एव्हाना गोल गाठला असता. पण अंड्यांना पाय नाहीत, म्हणून मी त्यांच्याशेजारीच बसून आहे.

मित्रांनो, कुणाला जपायचं असेल तर तो आज कुठे आहे ते आधी बघा. मावशींनी माझं सरकणं एकदा ओळखलं होतं, आजही ओळखावं, एवढंच माझं मागणं आहे. स्पंज गोलाला वळसा घालून इकडे यायला लागला आहे.