निरीक्षकाची चूक

साहेबांच्या मनगटावरचं घड्याळ अठराशे पंचाण्णव मीटर दाखवत होतं आणि निवाऱ्याच्या दारावर रंगवलेला आकडा होता अठराशे साठ. पायरीवर बसून बुटाची नाडी बांधता बांधता पाराबाईंनी दोन्ही आकडे पाहिले, खात्रीसाठी पुन्हा पाहिले आणि नाडीला आणखी एक गाठ मारली. बोलल्या काहीच नाहीत.

साहेब कुणाला तरी किस्सा सांगण्यात रंगले होते. किस्सा त्यांचाच, हसतही तेच होते.

गटाची पद्धत सोपी होती. डोंगरातली सात दिवसांची चाल, जोडीजोडीने, दोन जोड्यांमध्ये अर्ध्या तासाचं अंतर. जोडीतल्या एकाकडे नकाशा, दुसऱ्याकडे उंची दाखवणारं घड्याळ. दोन्ही एकाच्या हाती कधीच द्यायचं नाही, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला पकडता येते. हे घड्याळ खरं तर हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा अंदाज बांधतं. रात्रीत दाब उतरला, की जागचं न हलताही त्याला वाटतं आपण वर चढलो. म्हणून रोज सकाळी निघताना ते निवाऱ्याच्या दारावर लिहिलेल्या खऱ्या उंचीशी जुळवून घ्यायचं. साहेबांनी चार दिवस ते नेमाने केलं होतं. पाचव्या दिवशी किस्स्याच्या नादात राहून गेलं.

पस्तीस मीटर जास्त. म्हणजे रात्रीत दाब साडेतीन मिलिबार उतरला, पाराबाईंनी मनातल्या मनात सोडवून टाकलं. खालच्या दरीत धुकं साचू लागलं होतं, तेही हेच सांगत होतं.

“निघू या का, पाराबाई?”

“निघू या की.”

हे नाव त्यांना वेधशाळेत पडलं होतं. बावीस वर्षं त्यांनी पाळीत दर तीन तासांनी वायुभारमापकाचा पारा पाहिला. डोळा पाऱ्याच्या माथ्याशी आणायचा, श्वास रोखायचा, मग आकडा लिहायचा. चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी पारा तीन तासांत नऊ मिलिबार उतरला. त्यांनी याच साहेबांना, तेव्हाच्या वेधशाळाप्रमुखांना, फोन केला. साहेब म्हणाले, इतका कधी उतरतो का, जरा नीट बघा. त्यांनी नीट बघितलं, तरी नऊच. साहेबांनी वरच्या कार्यालयाला तीन कळवले, कारण तीन हा आकडा कसा शहाण्यासारखा दिसतो. वादळाचा इशारा गेला नाही. पलीकडच्या डोंगरावर रोपवेची दुरुस्ती चालू राहिली आणि दोन कामगार खांबावरून पडून गेले. चौकशीत साहेबांनी सांगितलं, मला फोनवर तीनच सांगितले होते. कागदावर कारण आलं: निरीक्षकाची चूक.

पाराबाईंना स्टोअरमध्ये बसवलं. निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं त्यांनी बल्ब, छत्र्या आणि झाडू वाटले. नव्याने लागलेली पोरं त्यांच्याकडे झाडू मागायला येत, तेव्हा मागे कुणीतरी हळूच सांगे, याच त्या.

या चालीच्या यादीत साहेबांचं नाव दिसलं, त्याच दिवशी त्यांनी आपलंही घातलं. सहा महिने पाठीवर जुन्या मासिकांचे गठ्ठे बांधून त्या इमारतीचे सात मजले चढत-उतरत राहिल्या. शेजाऱ्यांना वाटलं, बाईंना म्हातारपणी खूळ लागलं. जोड्या पाडायच्या दिवशी त्या मुकाट्याने साहेबांशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी लगेच ओळखलं आणि ‘आपली वेधशाळा, काय दिवस होते ते!’ म्हणत त्यांचा हात हातात घेऊन हलवला. जणू दोघं मिळून कुठे सहलीला गेली होती.

चार दिवस पाराबाईंनी वाट पाहिली. साहेब गुडघ्यावर बोलले, सुनेवर बोलले, आताच्या अधिकाऱ्यांना काही येत नाही यावर तर दोन डोंगर पुरतील इतकं बोलले. त्या दुपारचा विषय निघाला नाही. वर दर चढाला पिशवी पुढे करून ‘घ्या, जर्दाळू घ्या’ हे होतंच. पाराबाई घेत आणि प्रत्येक जर्दाळूसरशी त्यांचा राग थोडा पिके.

त्यांना साहेबांचा जीव नको होता. जीव घेऊन करायचं काय? त्यांना साहेब चुकीच्या जागी, धुक्यात, आपल्याच आकड्यावर विसंबून उभे राहिलेले पाहायचे होते. मग अगदी थंडपणे ते दोन शब्दांतलं कारण ऐकवायचं, ‘निरीक्षकाची चूक, साहेब’, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. एवढंच. चौदा वर्षांच्या मानाने फार नव्हतं.

जागाही ठरलेली होती. डोंगराच्या धारेवरून तेवीसशे वीस मीटरला डावीकडे कड्याच्या पोटातून एक आडवी वाट सुटते, ती खिंडीत नेते. तिच्या बरोबर पस्तीस मीटर खाली तशीच आणखी एक पट्टी आहे. सुरुवातीला हातगाडी जाईल इतकी रुंद, पुढे दोनशे पावलांवर कातळात विरून जाणारी. नकाशावर ती स्पष्ट होती आणि नकाशा पाराबाईंच्या हातात होता.

अकराच्या सुमारास धुक्याने धार गिळली. पुढचा माणूस सावलीसारखाही दिसेना, नुसता धापा टाकताना ऐकू यायचा. पाराबाई मधूनमधून उंची विचारत, साहेब सांगत. बावीसशे ऐंशी. तेवीसशे पाच.

“तेवीसशे वीस,” साहेब थांबून म्हणाले. “आणि ही बघा तुमची वाट. अगदी बरोबर. यंत्र असावं तर असं.”

“बरोबर जुळवलं होतंत ना सकाळी?” ही एक संधी त्यांनी दिली. नंतर त्या स्वतःला सांगत राहिल्या, की दिली होती.

“अहो, रोज जुळवतो,” साहेब म्हणाले आणि वळलेसुद्धा.

पन्नास पावलांवर त्यांना थांबवायचं असा बाईंचा बेत होता. पण सपाटी लागल्यावर साहेबांच्या गुडघ्यात उत्साह शिरला. ते शीळ घालत झपाझप पुढे गेले आणि धुक्यात नाहीसे झाले. पाराबाईंनी हाक मारायला उशीर केला. किती, ते त्यांना नेमकं माहीत होतं. तीस सेकंद. शीळ ऐकत त्या उभ्या होत्या आणि त्यांना ती शीळ आणखी थोडी पुढे जायला हवी होती.

मग शीळ तुटली. काहीतरी घसरल्याचा आवाज, पाठोपाठ काठी खाली गेल्याचा. काठी कातळावर आपटत आपटत शांत होईपर्यंत बाईंनी सवयीने सेकंद मोजले. सात.

त्या धावल्या. पट्टी जिथे संपते तिथे ओल्या, कलत्या कातळावर साहेब पोट टेकून, हात पसरून चिकटले होते. डावा पाय टेकायला जागा शोधत होता. मागे यायला एकच पाऊल होतं, पण ते उचललं असतं तर दुसरं टिकलं नसतं. पाराबाईंच्या पायाखाली कोरडा, भक्कम दगड होता. त्यांनी एक हात कपारीत रुतवला.

“बाई, हात द्या.”

“देते. त्या दुपारी मी किती सांगितले होते?”

साहेबांनी मान वळवायचा प्रयत्न केला. कुठली दुपार, असं त्यांनी विचारलं नाही.

“नऊ,” ते म्हणाले. “नऊ सांगितले होतेत. दोनदा. तीन मी केले. हात द्या हो.”

चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य धुक्यातून आलं, स्वच्छ, एकही शब्द न गाळता. आणि पाराबाईंच्या मनात त्या क्षणी काय यावं? वेधशाळेतली नवी पोरं. तापमापी नीट दिसावी म्हणून ती खालच्या गोळ्याला बोटांनी धरत, पारा चढे आणि तोच आकडा पोरं इमानदारीत लिहीत. असले आकडे बाई लाल शाईने खोडत. आकडा खरा असेलही, पण तो हवेचा नसतो, बोटांचा असतो.

त्यांनी हात पुढे केला. साहेबांनी तो असा धरला की मनगटावर चार निळे ठसे उठले.

परत फिरून, पस्तीस मीटर चढून, दुसऱ्या वाटेने ते पुढच्या निवाऱ्यावर पोचले, तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. वाटेत जर्दाळू निघाले नाहीत.

जेवणाच्या लांब टेबलावर साहेबांना कंठ फुटला. पाय गरम पाण्यात, हातात सूप. काठी कशी गेली, आपण पालीसारखे कसे चिकटलो, सगळं त्यांनी अभिनयासकट सांगितलं. “चूक शंभर टक्के माझी,” ते म्हणाले. “घड्याळ जुळवायला विसरलो. या बाई नसत्या तर तुम्ही आत्ता माझ्या वाटणीचं सूप पीत असता.” पंधरा माणसं हसली, मग टाळ्या झाल्या. गटप्रमुखबाईंनी पाराबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. पोहणं शिकवणारी ती बाई, हातही तसाच भक्कम.

निरीक्षकाची चूक. सगळ्यांसमोर, साहेबांच्याच तोंडून. आता मुकाट्याने जेवलं की झालं, हिशोब चुकता. पाराबाईंनी चमचा उचलला आणि खाली ठेवला.

“विसरले ते खरं,” त्या म्हणाल्या. “पण मी पाहिलं होतं. यांच्या हातावर अठराशे पंचाण्णव, दारावर अठराशे साठ. मी मुद्दाम बोलले नाही.”

हसणं विरलं. गटप्रमुखबाईंनी हात काढून घेतला. “मुद्दाम? का पण?”

“ते साहेब सांगतील.”

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. आता पायाखाली ओला कातळ नव्हता, धुकं नव्हतं, कुणाचा हात धरलेला नव्हता. पाराबाई त्यांच्याकडे तसंच पाहत होत्या, डोळा रेषेत, श्वास रोखून.

साहेबांनी सूप ढवळलं. एकदा, दोनदा.

“दमल्यात बाई,” ते हळुवारपणे म्हणाले. “उंचीवर होतं असं. डोक्याला प्राणवायू कमी पडला, की माणसाला काहीबाही वाटायला लागतं. मनावर घेऊ नका कुणी.”

टेबलाने सुटकेचा श्वास सोडला. कुणीतरी बाईंच्या पुढ्यात पाणी सरकवलं, कुणीतरी शाल. गटप्रमुखबाईंनी त्यांची नाडी पाहिली, तीसुद्धा चुकीच्या जागी धरून.

सकाळी निर्णय झाला होता. पाराबाईंना उंची बाधली आहे, सामानाची खेचरं खाली जातात त्यांच्याबरोबर त्यांनी उतरावं. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त आभाळाकडे पाहिलं, वारा कुठून फिरला तो पाहिला आणि गटप्रमुखबाईंना सांगितलं, की दहाच्या आत पुढची खिंड ओलांडा, मागून मोठा पाऊस आहे. गटप्रमुखबाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी वर बघितलं आणि आज कसला पाऊस, असं हसून सांगितलं. मग चहाची आणखी एक फेरी झाली. पहिली जोडी निघाली तेव्हाच साडेनऊ वाजून गेले होते. आजच्या वाटेवर कडे नव्हते. नुसते भिजतील, बाईंनी हिशेब केला. हाडापर्यंत. त्याचं त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही.

खेचरवाला रिकामी पिंपं आणि पिठाच्या उरलेल्या गोण्या लादत होता. या बाईंचं डोकं ठिकाणावर नाही, हे त्याच्या कानावर घातलेलं असणारच. त्यांची सॅक दुसऱ्या खेचरावर बांधताना त्याने सहज विचारलं,

“मावशी, आज पाऊस येईल का हो?”

“दहानंतर. वायव्येकडून. दोन तास तरी धरेल.”

त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. गोण्यांखालून त्याने ताडपत्री ओढून काढली, झटकली आणि पहिल्या खेचरापासून सुरुवात करून एकेक गाठ आवळायला घेतली. पाराबाईंनी दुसरं टोक धरलं.