ठमाबाईची तडजोड

बावन्न सालची गोष्ट. कळव्याच्या मिठागरावर काम करणाऱ्या विधवा ठमाबाईला ठाण्याला चालत जाताना एका लॉरीने उडवलं आणि तिचा उजवा पाय कायमचा अधू झाला. गावातल्या काळुराम पाटलाने तिला लॉरीमालकावर दावा लावायला सांगितलं. वकील त्यानेच दिला आणि निकालापर्यंत घरी तांदूळही तोच पोचवणार होता. त्याबदल्यात भरपाईतला अर्धा वाटा त्याचा, असं ठरलं.

तिसऱ्या वर्षी लॉरीमालक तडजोडीला तयार झाला. ठमाबाईला हायसं वाटलं, पण काळुराम म्हणाला, "इतक्यात मिटवायचं नाय. निकाल लागला का दुप्पट मिळंल."

"मना तारखा नको आता, काका. चालवत नाय."

"मंग तांदूळ बंद. आजवरचा परत दे."

ती वकिलाकडे, हरिहर दातारांकडे गेली. ते नजर चुकवत म्हणाले, "बाई, माझी फी काळुराम देतो. त्याला विचारल्याशिवाय मला काही करता येणार नाही."

"पन पाय तर माजा मोडलाय ना?"

दातारांनी तिला पुढची तारीख सांगितली.

पुढच्या तारखेला ठमाबाई स्वतःच पुढे झाली आणि थेट न्यायाधीशांना म्हणाली, "सायब, मना तडजोड कबूल हाय." त्यांनी ती नोंदवून घेतली.

काळुरामने आपला वाटा घेतलाच, वर तांदळाचे पैसेही कापले. उरलं त्यात पावसाळासुद्धा निघाला नसता. बसून करण्याजोगं काम गावात फक्त काळुरामच्या पडवीत होतं. ठमाबाई तिथे मिठाची पोती शिवायला बसली.