खडकवासल्यापर्यंत गेलेली स्कूटर

वैजनाथ रोडगे यांची सगळी नोकरी कारखान्यातल्या मालाची खोट काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर कारखान्याचा माल मिळेना म्हणून ते घरात खोट काढायला लागले, असं म्हटलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. घरात ते लग्न झाल्यापासूनच काढत होते.

मुक्ताईने पाहुण्यांसमोर तोंड उघडून "आम्ही पुण्यात आलो तेव्हा श्रावण होता" एवढं म्हणायचा अवकाश, आतल्या खोलीतून आवाज यायचा, "भाद्रपद." ती म्हणायची, "स्टेशनवर उतरलो." आवाज म्हणायचा, "स्टँडवर. एसटीने आलो होतो." दोन-तीन वाक्यांत गोष्टीचा जीव जायचा आणि पाहुणे पोह्यांकडे वळायचे. वाशिमच्या माहेरी मुक्ताई बोलायला लागली की अर्धी गल्ली तिच्या ओट्यावर जमायची. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मात्र तिची एकही गोष्ट तपासणीतून पास झाली नाही. शेवटी तिने सांगणंच सोडलं. "तुम्हीच सांगा," म्हणायची आणि चहा टाकायला उठायची.

मग चार-एक वर्षांपूर्वी, एका सकाळी दात घासताना, वैजनाथांच्या डाव्या गालातून वीज गेली. दातांच्या डॉक्टरने एक दाढ काढली. वीज गेली नाही. त्याने शेजारची काढली. तरी वीज आपली जागच्या जागी. दोन्ही दाढा अगदी निर्दोष होत्या हे नंतर कळलं, आणि जन्मभर दुसऱ्याचा माल नापास करणाऱ्या माणसाच्या तोंडातून दोन पास झालेल्या दाढा फुकट गेल्या. खरं दुखणं चेहऱ्याच्या नसेचं होतं. पंख्याचा वारा लागला की कळ, दाढीचा ब्रश फिरला की कळ, घास चावला की कळ. आणि सगळ्यात मोठी कळ यायची ती बोलताना. वैजनाथ गप्प झाले.

पहिले काही महिने मुक्ताई नुसती त्यांच्याकडे बघून रडायची. पण बँकेत कोणीतरी बोलायला हवं, नातेवाइकांचे फोन कोणीतरी घ्यायला हवेत, म्हणून ती बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की कोणी अडवत नाही. सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी बायका जमायच्या. तिथे तिने एकदा स्कूटरची गोष्ट सांगितली. लग्नानंतर वैजनाथांनी जुनी स्कूटर घेतली होती. कर्वे रस्त्यावरच्या पंपावर पेट्रोल भरायला दोघं थांबले, मुक्ताई मागून उतरली, पेट्रोल भरून झालं, आणि हे बोलत बोलत स्कूटर सुरू करून निघून गेले. बायको मागे बसलेली नाही हे त्यांना कळलं कर्वे पुतळ्यापाशी. तोवर तिच्याशी बोलणं चालूच होतं.

बायका एवढ्या हसल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावी लागली. पुन्हा सांगताना स्कूटर वारज्यापर्यंत गेली. पुढच्या दिवाळीपर्यंत ती खडकवासल्याला पोचली आणि वैजनाथ धरणाकडे हात करून रिकाम्या सीटला "पाणी बघ किती भरलंय" म्हणाले. हे सांगताना स्वतः वैजनाथ शेजारी बसलेले असायचे, हात गालावर, डोळे बाहेर आलेले. बायका म्हणायच्या, "काका बघा कसे मनातल्या मनात हसतायत!" मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात, पण कोणाचं मौन आणि अर्थ कोणाचा, हे त्या सुभाषितात सांगितलेलं नाही.

यंदा मात्र गोळ्यांनी हात टेकले. गोळी घेतली की वैजनाथ झोपेत चालल्यासारखे चालायचे. एकदा लिफ्टमधल्या आरशाला नमस्कार करून त्यांनी आधी बाहेर पडायला वाट दिली. गोळी उतरली की वीज. एका दुपारी ते वरण-भाताच्या वाटीपुढे बसून हमसून हमसून रडले, आणि मुक्ताईने त्याच संध्याकाळी ऑपरेशनची तारीख घेतली.

इथे एक गोष्ट उघड सांगून टाकायला हवी. नवऱ्याचं दुखणं जावं असं मुक्ताईला मनापासून वाटत होतं. आणि त्याचं बोलणं परत आलं नाही तरी चालेल, असंही मनापासूनच वाटत होतं. ऑपरेशन थिएटरबाहेर बसून तिने गणपतीला आधी पहिलं सांगितलं. दुसरं तिने सांगितलं नाही, पण देवाला न सांगताही कळतं या विचाराने तिला घाम फुटला.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर प्रियदर्शनी मॅडमनी समजावून सांगितलं, "कानामागे, आत, एक रक्तवाहिनी त्या नसेला घासत होती. दोघींच्या मध्ये आम्ही छोटीशी गादी ठेवली. आता भांडण मिटलं." एक रात्र अतिदक्षता विभागात काढून वैजनाथ दोन खाटांच्या खोलीत आले, कानामागे ही मोठी पट्टी, डोळे टकटकीत. आणि तोंड घट्ट बंद.

"काका, दुखतंय?" मॅडमनी विचारलं. वैजनाथांनी मान हलवली. हो की नाही ते कोणालाच कळलं नाही.

"नाही दुखत त्यांना," मुक्ताई म्हणाली.

"काकू, तुमच्या गालाचं नाही विचारलं मी."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वैजनाथ नळीने पेज पीत, खुणा करत, भिंतीकडे बघत. मॅडमचा आवाज जरा चढला. "काका, बोला, चावा, तोंड धुवा. तोंड बंदच ठेवलंत तर दुखणं गेलं की आहे, हे मला कळणार कसं? मग त्याच गोळ्या देऊन घरी पाठवावं लागेल. एवढं डोकं उघडलं ते काय हवा खेळायला?"

वैजनाथांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुक्ताईला सगळं समजलं. दुखणं गेलेलं होतं बहुतेक. पण बोललं आणि वीज आली, तर? मग पुढे काहीच उरलं नव्हतं. न बोलण्यात निदान आशा होती. माणूस आशेला धरून बसला होता.

आणि त्यांना बोलतं कसं करायचं, हे सगळ्या पुण्यात एकट्या मुक्ताईला माहीत होतं.

ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. खाली रस्त्यावर दोन स्कूटरवाले एकमेकांना अक्कल शिकवत होते. गप्प बसलं तर कोणी दोष देणार नव्हतं. ती वळली आणि शेजारच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसली.

त्या खाटेवर कासिमभाई होते, भवानी पेठेतले भांड्यांचे व्यापारी. मानेचं ऑपरेशन झाल्याने पट्ट्यात मान अडकलेली, त्यामुळे ते छताशीच गप्पा मारायचे. त्यांची बायको शहजादी पायाशी बसून लसूण सोलत होती. हॉस्पिटलात लसूण कशाला, असं नर्सने विचारलं तर म्हणाली होती, "हात रिकामे राहिले तर यांचा गळा दाबतील."

"शहजादीआपा, तुम्हाला आमच्या स्कूटरची गोष्ट सांगितली का हो मी?" मुक्ताई जरा मोठ्यानेच म्हणाली.

"नाही भाभी, सांगा की."

"ही लाल स्कूटर होती आमची."

मागच्या खाटेची स्प्रिंग कुरकुरली. स्कूटर निळी होती.

मुक्ताईने माल एकेक करून तपासणीच्या पट्ट्यावर सोडला. पंप कर्वे रस्त्यावरून उचलून स्वारगेटला नेला. पेट्रोलऐवजी रॉकेल भरलं. स्कूटर पुतळा, वारजे, खडकवासला मागे टाकून पानशेतला गेली आणि वैजनाथांनी तिथे दोन कणसं भाजून घेतली, एक स्वतःला, एक मागच्या सीटला. शहजादीच्या हातातला लसूण खाली पडला. कासिमभाई हसताना "आई गं, मान, मान" ओरडले. मुक्ताई तिरक्या नजरेने बघत होती. वैजनाथांचे कान लाल झाले होते, चादर मुठीत होती, पण ओठ उघडत नव्हते. चार वर्षांचा सराव होता त्यांना. खोटं गिळायची सवय झाली होती.

"मग परत आले ना घ्यायला?" शहजादीने विचारलं.

इथे मुक्ताई थांबली. या प्रश्नाला तिने कधीच, कुठल्याच बाकावर, खोटं उत्तर दिलं नव्हतं.

"कुठले येतायत! आलेच नाहीत. मीच आपली रडत रडत रिक्षा करून—"

"आलो होतो!"

आवाज चिरका होता, गंज लागलेल्या कडीसारखा. वैजनाथ उठून बसले होते.

"आलो होतो मी! परत आलो होतो! पुतळ्याशी वळलो आणि चुकीच्या बाजूने आलो, समोरून सगळी वाहनं अंगावर, पोलिसाने शिट्टी मारली, थांबलो नाही! तुला कोणी… तू नवीन होतीस, तुला रस्ते माहीत नव्हते, पत्ता पाठ नव्हता तुझा—"

आज पुण्यात उलट्या बाजूने गाडी घालणं हे पाप राहिलेलं नाही, ती वहिवाट आहे. पण वैजनाथ रोडगे रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबणारे गृहस्थ. शिट्टी ऐकून ते थांबले नाहीत, हे मुक्ताईला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

वैजनाथ तोंड अर्धवट उघडं ठेवून बसले होते. ते विजेची वाट बघत होते. मुक्ताईही बघत होती. शहजादीला पुरतं काही माहीत नव्हतं तरी तिनेही श्वास धरला होता.

वीज आली नाही.

"नाही दुखलं," वैजनाथ हळूच म्हणाले. मग मोठ्याने, "मुक्ता, नाही दुखलं गं!" आणि मग काय, धरणाचे दरवाजेच उघडले. "निळी होती स्कूटर. रॉकेल नव्हतं, पेट्रोल. पानशेतचा काय संबंध? आणि खडकवासल्याचा पण नाही, वारज्याचा पण नाही! तुझ्या मावसभावाच्या लग्नात जिलब्या नव्हत्या, बुंदी होती. सोसायटीतल्या केदारचा मुलगा दहावीला पहिला नाही आला, सातवा आला. बाकावर म्हणालीस की मला कुत्रं चावलं. चावलं नव्हतं, भुंकलं होतं." चार वर्षांचा तुंबलेला माल एकदम बाहेर पडत होता. नर्स दारात येऊन बघून गेली आणि डॉक्टर मॅडमना फोन करायला पळाली.

मुक्ताई रडत होती. निम्मं रडू आनंदाचं होतं, आणि तो आनंद खराखुरा, पोटातून आलेला होता. उरलेलं निम्मं बाकाचं होतं. संध्याकाळी तिच्या येण्याची वाट बघणाऱ्या बायकांचं होतं. आपल्याच हाताने आपण आपलं तोंड बंद केलं, असं तिला वाटलं आणि तरी त्याचा पश्चात्ताप होईना.

"मग भाईसाहेब, खरं काय झालं ते तुम्हीच सांगा," शहजादी म्हणाली.

मुक्ताई सवयीने उठली. चहा इथे टाकता येत नव्हता, म्हणून थर्मासमधला ओतायला लागली. शहजादीने डबा उघडून खारी मधे ठेवली.

वैजनाथांनी सांगितलं. सप्टेंबर महिना होता. वार गुरुवार. ढगाळ वातावरण. पंपावर आधी एक टेम्पो होता, मग एक रिक्षा, मग हे. पेट्रोल भरलं. निघाले. पुतळ्यापाशी लक्षात आलं. वळून आले. गोष्टीतला शब्दन् शब्द खरा होता. कासिमभाईंचा डोळा लागला. शहजादी म्हणाली, "अच्छा," आणि पुन्हा लसणाकडे वळली.

वैजनाथांनी त्या दोघांकडे पाहिलं. मग कपात चहा ओतणाऱ्या मुक्ताईच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिले. शेवटी, खोट काढण्यातच आयुष्य गेलेलं होतं.

"मी सांगितली की नुसती खरी होते," ते म्हणाले. "तू सांग."

मुक्ताईने वळून पाहिलं.

"सांग ना. स्कूटर न्यायची तिथे ने. पानशेतला ने, महाबळेश्वरला ने. फक्त…" त्यांनी घसा साफ केला. "परत आलो ते काढू नकोस."

मुक्ताईने कप त्यांच्या हातात दिला, स्टूल दोन्ही खाटांच्या मधे ओढलं आणि पदर सावरून बसली. कासिमभाईंनी एक डोळा उघडला.

"तर काय झालं शहजादीआपा, मे महिन्याचं रणरणतं ऊन—"

वैजनाथांचं तोंड उघडलं. मुक्ताई थांबली. खोलीतले सगळे त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिले. वैजनाथांनी हात लांब करून खारी उचलली, चहात न बुडवता आख्खी तोंडात घातली, आणि मुक्ताईच्या डोळ्यांत बघत डाव्या बाजूने कुर्रम कुर्रम चावायला लागले.