कुंजेलीची वेळूरी

वरीदसरांनी आयुष्यात एकाच माशाला शास्त्रीय नाव दिलं, आणि ते मोडीत काढायचं काम नेमकं माझ्या, त्यांच्या विद्यार्थिनीच्या, वाट्याला आलं.

मासा म्हणजे तारलीच्या कुळातली बोटभर वेळूरी. तीस वर्षांपूर्वी सरांनी तिच्या पोटाखालचे काटेरी खवले मोजले. ते नेहमीपेक्षा तीन कमी भरले, म्हणून जात नवी ठरली. नमुने सगळे केरळातल्या मुनंबमच्या बाजारात मासे विकणाऱ्या कुंजेलीकडचे. ती रोज सकाळी पानात बांधून सरांच्या टेबलावर आणून ठेवायची, म्हणून नावही तिचंच दिलं. ते नाव छापून आलेलं पान तिने येशूच्या तसबिरीशेजारी लावलंय. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती अजून ऐकवते, "माझ्या नावाचा मासा आहे. तुझ्या नावाचं काय आहे?"

मी होड्यांवरून शेकडो वेळूऱ्या आणल्या. तीन खवले कमी असलेली एकही सापडली नाही. जनुकंही जुन्या जातीशी जुळली. आमच्याकडे नियम असा, की एकाच जातीला दोन नावं पडली तर आधीचं तेच खरं.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"जात गेली तर जाऊ दे, पोरी. पण मी प्रत्येक मासा दोनदा मोजलाय. मोजण्यात माझी चूक नाही."

एवढंच धरून बसले. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं.

शेवटी कुंजेलीला सांगायला आम्ही दोघं बाजारात गेलो. सर तिथे पहिल्यांदाच आलेले. विषय काढायच्या आत तिने त्यांच्यासाठी वेळूरी निवडायला घेतली. मासा उलटा धरायचा, शेपटीकडे अंगठ्याचं नख ओढायचं आणि पानावर टाकायचा. चेडत्ती, म्हणजे ताई, हे काय, असं मी विचारलं.

"सरांची बोटं नाजूक. पहिल्याच दिवशी रक्त आलं होतं. तेव्हापासून मागचे तीन काटे मीच काढून देते. तुला नाही देणार, तू दणकट आहेस."

सर पानाकडे बघत राहिले. त्यांची मोजणी बिनचूक होती. तीस वर्षांनी ते सिद्ध झालं होतं, पण ते सांगायचं म्हणजे दोष कुंजेलीच्या हातांवर टाकायचा.

"कुंजेली, तुझं नाव माशावरून काढावं लागतंय," ते म्हणाले. "मोजताना माझी चूक झाली."

तिचे हात थांबले. "खोडून टाकणार?"

खोडत नाहीत, जुन्या नावाखाली बारीक अक्षरात कायमचं राहतं, असं मी सांगितलं. ते खरंच होतं.

"मग राहू दे," ती म्हणाली. "माणूस आहे, चुकायचाच. सर, मनाला लावून घेऊ नका."

तिने पुडकं बांधून दिलं. घरी येताच सरांनी ते सोडलं, चष्मा लावला आणि दोनदा मोजलं. तीन कमी भरले. मग मासे सुनेकडे तळायला दिले.

लेखात मी लिहिलं, की नमुन्यांचे मागचे खवले हाताळताना तुटले होते. कोणाच्या हातून, ते लिहिलं नाही. सरांनी वाचून मान डोलावली.