खुराड्यात ठोकलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. एके काळी बेटाच्या धक्क्यावर माझा काय तोरा होता! रंगाऱ्याने जीव ओतून माझ्यावर 'वेरनू' असे नाव लिहिले होते. होडीतून उतरणारा प्रत्येक जण आधी मला वाचायचा.

मग धक्का नव्याने बांधला गेला, त्याला 'नवा धक्का' म्हणू लागले आणि मी झाले अडगळ. धक्क्यालगतच काकूंचे घर आहे. तेव्हा काकू लग्न होऊन यायच्या होत्या. त्यांच्या सासऱ्यांनी "फळी टणक आहे" म्हणत मला खडकाला टेकलेल्या खुराड्याच्या मागच्या बाजूला ठोकले. तोंड खडकाकडे, पाठ कोंबड्यांकडे. पुढे सासरे गेले. माझे नाव कोणाच्याच तोंडी उरले नाही. कोंडमारा म्हणजे काय, ते मला विचारा!

गेल्या उन्हाळ्यात काकूंच्या विहिरीचे पाणी खारे झाले. काका म्हणाले, "आता इथं राहण्यात अर्थ नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर भावाकडे जाऊ." काकू ढसाढसा रडल्या.

त्याच दिवसांत जुनी नावे गोळा करणाऱ्या एक बाई आल्या. काकूंनी त्यांना खुराड्यापाशीच खुर्ची दिली. "चहा खारट लागेल हं, पाणीच तसं आहे."

"असू दे हो. काकू, इथल्या मूळ माणसांची भाषा केव्हाच गेली. उरली ती जागांची नावं. पेलनू, खोरनू, तीवनू. जिथं शेवटी नू, तिथं खडकात गोडं पाणी. या धक्क्याचं जुनं नाव काय?"

"नवा धक्काच की! दुसरं कधी ऐकलंच नाही."

माझा जीव वरखाली झाला. अहो, मी इथे आहे, मला उलटी करा, माझ्यावरचे 'वेरनू' वाचा! पण पाटीला कुठला आलाय गळा?

खडकातून झिरपणारे पाणी माझ्या खालच्या कडेवर ओघळत होते. कोंबड्या तिथेच चोची लावत होत्या. काकू उलट कुरकुरल्या, "बघा नखरे! भांड्यातल्या पाण्याला तोंड लावत नाहीत मेल्या."

बाई हसल्या आणि परतीच्या होडीत बसल्या.

महिन्याभराने सामान होडीत चढले. कोंबड्या टोपलीत गेल्या. काका हाका मारत होते, तरी काकू एकदा मागे आल्या. माझ्या पाठीवर हात टेकून म्हणाल्या, "घोटभर गोडं पाणी असतं ना इथं, तर देवाशपथ हलले नसते."

मी त्यांच्या तळहाताखाली होते, मित्रांनो, आणि काही सांगू शकले नाही.

तुम्ही खुशाल नवी नावे ठेवा, नव्या पाट्या लावा. पण जुने नाव उतरवताना ते घरात कोणाला तरी सांगून ठेवा. सासऱ्यांनी सुनेला एवढे सांगितले असते, तर आज काकूंची चूल इथेच पेटली असती.